बोधपर कूटप्रश्न व त्यांतील ‘पण’

प्रहेलिका, कूट, कोडें, उखाणा, आहणा, हुमाण हीं नांवें आज आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों, आणि तीं जेथें भेटतील तेथें त्यांस करमणुकीच्या सदरांत टाकून मोकळे होतों. हस्तलिखितांच्या याद्या करतांना हा प्रकार विशेष घडतो. एखाद्या बाडांत अभंग, आरत्या, औषधांचे पाठ आणि उसनवारीचे आंकडे यांच्या मध्यें चारदोन प्रश्नांचें पान निघालें, म्हणजे यादी करणारा त्यावर ‘स्फुट’ असा शेरा मारून पुढें जातो. या स्फुटांपैकीं एका वर्गाकडे संशोधकांचें व संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ज्या कूटाचें उत्तर सांपडल्यानें केवळ बुद्धीची गंमत न होतां नीतीचा अगर जीविताचा कांहीं बोध होतो, त्यास मी येथें ‘बोधपर कूट’ म्हणतों.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. या वर्गांतील कूटांचा बोध उत्तराच्या शब्दांत फार थोडा असतो. तो मुख्यतः उत्तरावर लागलेल्या पणांत असतो. सीतास्वयंवराच्या प्रसंगीं ‘पण’ हा शब्द ज्या अर्थानें येतो, त्याच अर्थानें तो येथें घ्यावा. प्रश्न कोणीं केला, उत्तर न आल्यास काय गमवावें लागतें, आणि उत्तर आल्यास तें उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या वागणुकीनें कसें फेडावें लागतें, ही चौकट काढून टाकली म्हणजे कूटाचें सुभाषित होऊन बसतें. सुभाषित वाईट असतें असें नव्हे. पण तें निराळें. आणि आपल्या पोथ्यांतून, पाठ्यपुस्तकांतून व पुराणांतून ही चौकटच प्रथम गळून पडते.

साहित्यशास्त्रकारांकडे गेल्यास या बाबतींत फारसें साहाय्य मिळत नाहीं. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकेचे १६ प्रकार सांगितले आहेत, आणि तिचे उपयोग तीन दिले आहेत: रसिकांच्या बैठकींत विनोद, गर्दींत जाणत्याशीं गुप्त बोलणें, व दुसऱ्यास भांबावून टाकणें. बोधाचें नांव नाहीं. भामहाला तर टीकेवांचून न कळणारी रचना मुळींच रुचत नाहीं. विद्वानांचा तो उत्सव होईल, पण मंदबुद्धींचा घात होतो, असें तो म्हणतो. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकारांच्या पंक्तींतूनच उठविलें. कामसूत्रांतील ६४ कलांच्या यादींत मात्र तिला जागा आहे, आणि धर्मदासाचें विदग्धमुखमंडन हा तर सबंध ग्रंथच या कलेला वाहिलेला आहे. परंतु हें सर्व नागरिकांच्या गोष्ठींतलें कूट झालें. आपणांस पाहावयाचें आहे तें निराळ्या वंशाचें असून त्याचें मूळ यज्ञमंडपांत आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६४ वें सूक्त कूटमय आहे हें सर्वश्रुत आहे. बारा आऱ्यांचें न झिजणारें चाक आणि त्यावर उभे असलेले ७२० पुत्र, म्हणजे संवत्सर व त्याचे दिवस आणि रात्री, हें दीर्घतम्याचें कोडें आजही एखाद्या चलाख मुलास सुटेल. अश्वमेधांत ऋत्विजांनीं परस्परांस असे प्रश्न विचारण्याचा विधि होता, त्यास ‘ब्रह्मोद्य’ म्हणत. त्यांतले प्रश्न वाजसनेयी संहितेच्या तेविसाव्या अध्यायांत आहेत. एकटा कोण चालतो, पुन्हां कोण जन्मतो, थंडीवर औषध कोणतें, पेरणीची थोर जागा कोणती, असे चार प्रश्न. आणि सूर्य, चंद्र, अग्नि व भूमि हीं त्यांचीं अनुक्रमें उत्तरें. विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक, सांगणाऱ्यास प्रश्न ठाऊक. कोणाचें कांहीं जात नाहीं. कारण तो विधि आहे, परीक्षा नव्हे.

हेच चार प्रश्न, याच उत्तरांसह, महाभारताच्या आरण्यकपर्वांत यक्ष युधिष्ठिरास विचारतो. ‘आवपन’ हा वैदिक शब्दसुद्धां तसाच राहिला आहे. परंतु येथें तळ्याच्या कांठीं चार भाऊ मरून पडले आहेत. यज्ञांतील ठराविक प्रश्नोत्तरांस भारतकारांनीं पण लावला, आणि तेवढ्यानें त्यांचें रूप पालटलें. त्या चौघांचा दोष कोणता होता हें नीट पाहिलें पाहिजे. नकुल, सहदेव, अर्जुन व भीम यांपैकीं एकानेंही चुकीचें उत्तर दिलेलें नाहीं. आधीं प्रश्नांचीं उत्तरें दे, मग पाणी पी, असें प्रत्येकास बजावलें होतें. तहानेच्या भरांत प्रत्येकजण त्या वाणीकडे दुर्लक्ष करून पाण्यांत उतरला. शिक्षा अज्ञानाला झाली नाहीं. प्रश्नापाशीं न थांबण्याला झाली.

या प्रकरणाचा पाठ संग्राहकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. नीलकंठ चतुर्धराची संहिता आपल्याकडे सर्वत्र प्रचलित आहे. हा पंडित मूळ गोदातीरच्या कोपरगांवच्या घराण्यांतला; सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काशीस राहून त्यानें भारतभावदीप ही टीका लिहिली. त्याच्या पाठांत ३१३ व्या अध्यायाच्या अखेरीस सुखी कोण, आश्चर्य कोणतें, मार्ग कोणता आणि वार्ता काय, असे चार प्रश्न येतात. प्राणी रोज यमाच्या घरीं जात असतां मागें उरलेले आपणांस चिरंजीव समजतात, याहून आश्चर्य तें काय, हें त्यांतील दुसऱ्याचें उत्तर. यक्षप्रश्न म्हटला कीं कीर्तनकाराच्या व शिक्षकाच्या तोंडीं हाच प्रश्न प्रथम येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेल्या चिकित्सित आवृत्तींत मात्र डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेल्या आरण्यकपर्वांत (१९४२) हे चारही प्रश्न स्वीकृत संहितेच्या बाहेर ठेवले आहेत. तेथें २९७ व्या अध्यायांतील प्रश्नमालिका त्यांच्यावांचूनच पुरी होते.

हा निर्णय केवळ पोथ्यांच्या साक्षीवर झालेला आहे, आणि तो तसाच व्हावयास पाहिजे. परंतु कथेच्या अंगानें पाहिलें तरी तो पटण्यासारखा आहे. ते चार श्लोक वैराग्यपर असून सुंदर आहेत. पण त्यांचा तळ्याकांठच्या प्रसंगाशीं कांहीं संबंध नाहीं. ते कोठूनही काढावे आणि कोठेंही ठेवावे. याच्या उलट, दोन्ही पाठांत असलेला एक साधा प्रश्न पाहावा. जगांत श्रेष्ठ धर्म कोणता, असें यक्ष विचारतो. आनृशंस्य, असें युधिष्ठिर सांगतो. नृशंस म्हणजे क्रूर. आनृशंस्य म्हणजे क्रौर्याचा अभाव. मराठींत याचें भाषांतर ‘दया’ असें करण्याची रीत आहे, पण दया ही वरून खालीं वाहते. आनृशंस्यांत दुसऱ्याचा वांटा न मारण्याचा जो भाव आहे तो दयेंत उतरत नाहीं. पुढें सर्व प्रश्न संपल्यावर यक्ष म्हणतो, एका भावाला उठवितों, कोणाला उठवूं? अर्जुन हवा कीं भीम, अशी निवड करण्याचा तो प्रसंग. राज्य परत मिळवावयाचें तर या दोघांवांचून गति नाहीं. युधिष्ठिर नकुलाचें नांव घेतो. कुंतीचा एक पुत्र मी आहें, माद्रीचाही एक राहावा; दोन्ही माता मला सारख्या. आणि हें सांगतांना तोच आनृशंस्य शब्द तो पुन्हां उच्चारतो.

म्हणजे जें उत्तर त्यानें घटकेपूर्वीं तोंडानें दिलें होतें, तें फेडण्याची वेळ लगेच आली. यक्षप्रश्नांतील खरें कूट हें आहे. बाकीचे प्रश्न त्याची वाट आहेत. शाळेंत संस्कृत शिकवितांना मला नेहमीं असें आढळे कीं, वाऱ्याहून वेगवान् कोण, गवताहून दाट काय, हीं उत्तरें (मन आणि चिंता) मुलें चटकन् पाठ करीत; नकुल कां, हा प्रश्न केला म्हणजे वर्ग गप्प बसे. परीक्षेच्या कागदावर अर्थातच पहिलाच प्रकार येई.

आतां पणाचा दुसरा आणि अधिक उग्र प्रकार पाहूं. तो म्हणजे शिरःपात. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायांत जनकाच्या सभेंत सुवर्णशृंगी १,००० गाई हांकून नेणाऱ्या याज्ञवल्क्यास एकामागून एक ब्रह्मवेत्ते प्रश्न करतात. गार्गी खोल खोल विचारीत जाते, तेव्हां ‘अतिप्रश्न करूं नको, डोकें गळून पडेल’ असें तो तिला सांगतो, आणि ती थांबते. शेवटीं शाकल्य उठतो. त्याचें नांवच विदग्ध! तो थांबत नाहीं. याज्ञवल्क्य त्याचीं सर्व उत्तरें देऊन उलट एक प्रश्न टाकतो, आणि उत्तर न आल्यास शिरःपात होईल असें बजावतो. शाकल्यास उत्तर येत नाहीं. त्याचें मस्तक गळतें, आणि त्याचीं हाडेंसुद्धां चोर भलतेंच कांहीं समजून पळवितात. येथें न जाणणाऱ्याचें डोकें जातें. पण त्याच सभेंत गार्गीचें वांचतें, हें विसरतां कामा नये. दोघांत फरक ज्ञानाचा नसून थांबण्याचा आहे.

याच शिरःपाताची दुसरी कथा आपल्या गोदातीरची आहे. पाली सुत्तनिपाताच्या पारायणवग्गाच्या आरंभीं बावरी नांवाच्या ब्राह्मणाची हकीकत आहे. तो अश्मकांच्या प्रदेशांत गोदावरीच्या कांठीं राहत असे. एका याचकानें त्याच्याकडे ५०० मागितले. बावरीनें यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलें होतें. तेव्हां ‘सातव्या दिवशीं तुझ्या डोक्याचीं सात शकलें होतील’ असा शाप देऊन याचक गेला. भयभीत झालेल्या बावरीनें आपले १६ शिष्य बुद्धाकडे पाठविले. त्यांच्या मार्गावरील गांवांची यादी पतिठ्ठानापासून, म्हणजे आपल्या पैठणापासून, सुरू होते; पुढें माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती. जुन्या व्यापारी मार्गांच्या अभ्यासकांस ही यादी परिचित आहे. बुद्धाचें उत्तर असें कीं, अविद्या हेंच डोकें. विद्या हीच तें फोडणारी. एका वाक्यांत शापाचें कूट झालें आणि कूटाचा बोध झाला. बावरीला ज्याचें भय वाटत होतें तेंच त्यानें इच्छावें असें ठरलें. ही प्रास्ताविक कथा पुढील प्रश्नांहून अर्वाचीन मानतात, कारण चुल्लनिद्देस या प्राचीन टीकेंत प्रश्नांवर विवरण आहे, कथेवर नाहीं. म्हणजे येथेंही प्रश्नांस चौकट मागाहून मिळाली. भारतांत जें ब्रह्मोद्याचें झालें, तेंच पालींत पारायणाचें झालें.

तिसरी कथाही पैठणचीच निघावी हा योगायोग मोठा मौजेचा आहे. वेताळपंचविशीचा नायक म्हणून उज्जयिनीचा विक्रम आपल्या तोंडीं बसला आहे. परंतु अकराव्या शतकांत सोमदेवानें रचलेल्या कथासरित्सागरांत (निर्णयसागराची दुर्गाप्रसाद व परब यांची आवृत्ति, १८८९) हा राजा त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याची राजधानी गोदावरीकांठचें प्रतिष्ठान आहे. पालींतील बावरीचें आणि काश्मिरी सोमदेवाच्या वेताळाचें कांहीं नातें यावरून सिद्ध होतें असें मी म्हणत नाहीं. पैठण हें दक्षिणापथाचें द्वार. दूरदेशच्या कथाकारास दक्षिणेंतलें एक नगर हवें असेल तर हेंच नांव प्रथम सुचावें. तथापि डोकें फुटण्याचा पण दोन्हीकडे आहे हें नमूद करून ठेवण्यासारखें आहे.

वेताळाचा पण मात्र शाकल्याच्या पणाच्या नेमका उलट आहे. उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर डोकें फुटेल. बोललास तर मी पुन्हां शिंशपेच्या झाडावर जाईन. शाकल्याचें डोकें न जाणण्यानें गेलें, राजाचें जाईल तें जाणून न बोलण्यानें. बरें, बोलण्याचें बक्षीस काय? अंधारांत पुन्हां स्मशानाची चाल, पुन्हां प्रेत खांद्यावर. राजास नुसतें अज्ञानाचें सोंग घेतां आलें असतें. तें सोंग ओळखणारें दुसरें कोणी तेथें नव्हतें. तो तसें करीत नाहीं. प्रत्येक वेळीं उत्तर देतो आणि प्रत्येक वेळीं परत फिरतो. या कथामालिकेचा बोध एकेका गोष्टीच्या उत्तरांत शोधणाऱ्यांनीं ही चाल मोजलेली नसते.

उत्तरांतही स्वारस्य आहेच. मंदारवतीची गोष्ट घ्या. लग्नापूर्वींच ती ज्वरानें मेली. तिला मागणी घालणाऱ्या तिघांपैकीं एकानें स्मशानांत झोपडी बांधून तिच्या राखेवर शेज केली, दुसऱ्यानें अस्थि गंगेंत नेल्या, तिसरा गोसावी होऊन फिरतां फिरतां संजीवनीचा मंत्र घेऊन आला. ती उठली, नवरा कोणता? राजा म्हणतो, जीव दिला तो पिता, अस्थि नेल्या तो पुत्र, राखेपाशीं राहिला तो पति. यांत पराक्रमाला मान नाहीं, सोबतीला आहे. आपल्या स्मृतींतील कर्मविभागाचा इतका हृद्य उपयोग दुसऱ्या कोणीं केल्याचें मला आठवत नाहीं.

पण मालिकेचा कळस शेवटच्या प्रश्नांत आहे. एक राजा व त्याचा मुलगा अरण्यांत दोन स्त्रियांचीं पावलें पाहतात. मोठ्या पावलाची बापानें वरावी, लहान पावलाची मुलानें, असें ठरतें. गांठ पडते तेव्हां मोठें पाऊल मुलीचें आणि लहान तिच्या आईचें निघतें. वचन पाळून बाप मुलीशीं व मुलगा आईशीं लग्न करतो. त्यांच्या मुलांचें परस्परांशीं नातें काय? आपल्या मराठी नात्यांच्या हिशेबानें याचा उलगडा करतां येतो. बापाचा मुलगा हा मुलाच्या मुलाचा चुलता. आणि मुलाचा मुलगा हा आईच्या पोटचा म्हणून बापाच्या मुलाचा मामा. एकजण दुसऱ्याचा चुलता असून त्याचाच भाचा! एका शब्दांत सांगतां येईल असें नातें मात्र निघत नाहीं. राजा विचार करतो, त्याला उत्तर सुचत नाहीं, आणि तो मुकाट चालत राहतो. आतां पण लागू पडत नाहीं. कारण जाणून लपविणें हा गुन्हा, न जाणून गप्प राहणें नव्हे. या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षु क्षांतिशीलाचें कपट उघड करतो. पुढें भिक्षु राजास साष्टांग नमस्कार घालावयास सांगतो. राजा म्हणतो, कसा घालावा तें तूंच दाखव. तो वांकतो आणि त्याचें मस्तक उडतें. शेवटीं डोकें गेलें तें अशाचें, कीं ज्यानें सबंध रात्र दुसऱ्यास राबविलें आणि मनांतलें एक अक्षर खरें सांगितलें नाहीं.

१८३० सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी वेताळपंचविशी निघाली, आणि तेव्हांपासून या कथा मुलांच्या हातीं आहेत. मुलांसाठीं केलेल्या संक्षेपांत एकेक गोष्ट सुटी काढून खालीं उत्तर छापण्याचा प्रघात पडला आहे. गोष्ट उरते, कोडें उरतें. खांद्यावरचें ओझें जातें.

ज्या प्रश्नोत्तरांस पण मुळींच नाहीं अशांचा नमुना म्हणून प्रश्नोत्तररत्नमालिका या लहानशा संस्कृत प्रकरणाचा उल्लेख करतों. स्वीकारावें काय, तर गुरुवचन. टाकावें काय, तर अकार्य. अशा धर्तीचीं तींत प्रश्नोत्तरें आहेत. येथें कांहीं लपविलेलें नाहीं, कांहीं गमवावयाचें नाहीं. हा पाठ आहे, कूट नव्हे. परंतु कर्तृत्वाचा वाद पाहण्यासारखा आहे. वैदिक परंपरा ही कृति शंकराचार्यांची म्हणते, श्वेतांबर जैन विमलाची म्हणतात, आणि दिगंबर पोथ्यांच्या अखेरच्या श्लोकांत विवेकानें राज्य सोडलेल्या अमोघवर्ष राजानें ती रचली असें सांगितलें आहे. तिच्या तिबेटी भाषांतरांत कर्ता राजाच आहे; १८५८ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें तें छापणाऱ्या शीफनर यांनीं त्याच्या तिबेटी नांवाचें संस्कृत रूप ‘अमोघोदय’ असें बसविलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत हा पुरावा मान्यखेटच्या राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या बाजूनें घेतला आहे. त्या वादांत मी शिरत नाहीं. एवढेंच सुचवितों कीं, ज्यानें तो अखेरचा श्लोक लिहिला त्याला पणाचें मर्म ठाऊक असावें. काय टाकावें या प्रश्नाचें उत्तर ज्यानें सिंहासन टाकून दिलें, त्याच्या तोंडीं तेंच वाक्य वेगळें वजन घेऊन येतें.

आतां मराठीकडे वळूं. येथें प्रथम एक भेद केला पाहिजे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि लिपींत झांकले, आणि वि. का. राजवाडे यांनीं त्या लिपीची किल्ली शोधून काढीपर्यंत तें दालन इतरांस बंद होतें. पण तें कूट नव्हे. तेथें लिपी झांकली आहे, अर्थ उघडा आहे. वारकरी संतांनीं याच्या उलट केलें. अक्षरें उघडीं, भाषा बायकामुलांची, आणि अर्थ मात्र झांकलेला. मुक्ताबाईच्या नांवावरील सूर्य गिळणाऱ्या मुंगीचें कूट याच जातीचें.

ज्ञानदेवांच्या नांवें चालणारें कांट्याच्या टोंकावरील तीन गांवांचें कूट मी अधिक मोलाचें मानतों. गांवें तीन, दोन ओसाड आणि तिसरें वसलेलेंच नाहीं. त्या न वसलेल्या गांवांत तीन कुंभार येतात. मग मडकीं, मग मूग, मग पाहुणे. प्रत्येक खेपेस तिघांपैकीं दोन निकामी आणि तिसरा त्याहून शून्य. कोणी याचा अर्थ त्रिगुणांवर लावतो, कोणी तीन देहांवर, कोणी जागृति, स्वप्न व सुषुप्ति यांवर. हे अर्थ चुकीचे आहेत असें मी म्हणत नाहीं. परंतु ऐकणाऱ्याच्या मनांत काय घडतें हें पाहावें. दोन गेले तरी तिसरा नीट असेल, अशी आशा प्रत्येक कडव्यास नव्यानें उत्पन्न होते, आणि प्रत्येक कडव्यास ती बुडते. तरीही पुढच्या कडव्यास ती पुन्हां उभी राहते. आपण फसत आहों हें कळूनही श्रोता फसत राहतो. येथला पण हीच आशा आहे, आणि ती श्रोत्यानें आपण होऊन लावलेली असते. सद्गुरूवांचून हें उमगणार नाहीं असा जो शेवटचा शिक्का, तो ‘उत्तर विचारूं नका, पुन्हां ऐका’ अशा अर्थाचा मला वाटतो. अशा कूटाखालीं ‘तीन गांवें म्हणजे तीन गुण’ असें कोष्टक छापलें कीं त्याचा प्राण जातो.

कलगी व तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांनीं हीच रीत फडावर नेली. भेदिक लावणींत पुराणांतले व अध्यात्मांतले प्रश्न टाकावयाचे आणि प्रतिपक्षानें रात्रभरांत त्यांची उकल करावयाची. येथें पण लौकिकाचा असल्यामुळें बोध पुष्कळदां बाजूस पडून केवळ अडवणूक उरते, हें मान्य केलें पाहिजे. घरगुती हुमाणांत आणि कोड्यांत तर नारळ, मुसळ, दिवा, पानविडा यांच्यापलीकडे बहुधा जावें लागत नाहीं. तीं गोड असतात, पण प्रस्तुत विषयाचीं नव्हेत.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. प्रश्नांचें सुटें पान हातीं आलें तर उत्तर कोठें आहे हें प्रथम पाहावें. तें प्रश्नाला लागूनच असेल, पानाच्या अखेरीस एकत्र असेल, समासांत दुसऱ्या हातानें लिहिलेलें असेल, अथवा मुळींच नसेल. या चार गोष्टी यादींत निरनिराळ्या नोंदल्या पाहिजेत. कारण नीलकंठाच्या पाठांतील चार प्रश्नांसारखा मागाहून आलेला भर अशाच वाटेनें आंत शिरतो. शाईचा रंग, हाताचें वळण आणि उत्तर प्रश्नाच्याच बैठकींत लिहिलें कीं मागाहून, हें साध्या डोळ्यांनींही पुष्कळदां कळतें. पानावर प्रश्नापूर्वीं दोन ओळींची कथा असेल, कोणी कोणास कोठें विचारलें एवढेंच असेल, तरी ती गाळूं नये. प्रश्नाहून ती अधिक दुर्मिळ असते, आणि नकलनवीस प्रथम तीच वगळतो. ज्या घरांतून बाड आलें तेथील वडीलधाऱ्या स्त्रीपुरुषांस तें कूट तोंडपाठ असेल तर त्यांनीं सांगितलेलें उत्तर अवश्य टिपावें. मात्र तें वेगळ्या रकान्यांत, सांगणाराच्या नांवासह व तारखेसह लिहावें, पोथीच्या पाठांत मिसळूं नये. उत्तर मिळालें नाहीं तर तो रकाना मोकळा ठेवावा. यादी करणाऱ्यानें आपल्या तर्कानें तो भरूं नये; तर्क लिहावयाचाच झाला तर त्यासाठीं पृष्ठाच्या तळाशीं जागा असते.